माउंट लेमनचे पाच डॉलर : सार्वजनिक वनातील प्रवेशशुल्काचे एक प्रकरण

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात टुसॉन शहराला लागूनच सांता कॅटालिना नावाची डोंगररांग आहे आणि माउंट लेमन हे तिचे २,७९१ मीटर उंचीचे सर्वोच्च शिखर आहे. नावाचा लिंबाशी काही संबंध नाही; १८८१ साली या शिखरावर गेलेल्या सारा प्लमर लेमन या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंवरून ते पडले आहे. टुसॉन वाळवंटात वसलेले असून जूनमध्ये तिथला पारा चाळिशीच्या वर जातो. त्यामुळे उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी शहरातील माणसे गारव्यासाठी कॅटालिना हायवेने वर धाव घेतात. सुमारे ४५ किलोमीटरच्या या घाटरस्त्याच्या पायथ्याशी सग्वारो निवडुंगांचे रान आहे आणि माथ्यावर पाइन व फरची झाडी आहे. हा रस्ता १९३३ ते १९५० या काळात मुख्यतः केंद्रीय तुरुंगातील कैद्यांच्या श्रमातून तयार झाला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची बहुतेक जमीन कोरोनाडो राष्ट्रीय वनाची, म्हणजे सार्वजनिक मालकीची असून तिचा कारभार अमेरिकेच्या केंद्र सरकारची फॉरेस्ट सर्व्हिस पाहते.

या रस्त्याच्या कडेला गाडी लावून कोणी पायवाटेने रानात शिरला, तिथल्या शौचालयात गेला नाही, सरकारी बाकावर बसला नाही, कचरापेटीत काही टाकले नाही आणि संध्याकाळी परत येऊन गाडी घेऊन घरी गेला, तर त्याच्याकडून दिवसाला पाच डॉलर घेण्याचा अधिकार फॉरेस्ट सर्व्हिसला आहे काय, एवढाच या प्रकरणातील प्रश्न होता. रक्कम अगदी मामुली होती आणि वर्षभराचा पास घेतल्यास तो वीस डॉलरला मिळत असे. तरीही हा वाद टुसॉनच्या दंडाधिकाऱ्यांपासून अपील न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये लागलेल्या निकालाने पश्चिम अमेरिकेतील राष्ट्रीय वनांच्या शुल्कव्यवस्थेचा पायाच हलला. प्रकरण नीट समजून घ्यायचे तर आधी राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो, कारण अमेरिकेत फिरायला जाणारे आपल्याकडचे बहुतेक लोक हे दोन्ही एकच समजतात.

उद्यान आणि वन

यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन ही राष्ट्रीय उद्याने होत. ती डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर या केंद्रीय खात्याच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत. त्यांना दरवाजे आहेत, दरवाजावर खिडकी आहे आणि खिडकीवर प्रवेशशुल्क घेण्याची रीत जुनी आहे. माउंट रेनिअर उद्यानाने १९०८ सालापासूनच मोटारगाड्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली होती. राष्ट्रीय वने मात्र कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे असून त्यांचा पसारा प्रचंड आहे. सुमारे १९.३ कोटी एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या साधारण अडीच पट जमीन या एका खात्याच्या ताब्यात आहे. या वनांत लाकूडतोड होते, गुरे चरतात, खाणी चालतात, शिकार होते, आणि त्याचबरोबर कोणीही पाठीवर पिशवी टाकून हवे तिथे हिंडू शकतो. वनाला कुंपण नाही आणि दरवाजाही नाही. तंबू ठोकण्याच्या बांधीव जागांसाठी पैसे द्यावे लागत. पण नुसते वनात जाण्याचे पैसे कोणी मागत नसे.

हे चित्र १९९६ पासून बदलले. त्या वर्षी अमेरिकी संसदेने अर्थसंकल्पी विधेयकात एक प्रायोगिक शुल्क कार्यक्रम मंजूर केला. पार्क सर्व्हिस, फॉरेस्ट सर्व्हिस, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट आणि फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या चार खात्यांना निवडक ठिकाणी नवी शुल्के लावून पाहण्याची मुभा त्यात होती. तिच्यामागची निकड खोटी नव्हती. पर्यटक वाढत होते, त्या मानाने अनुदान वाढत नव्हते, पायवाटा आणि शौचालये यांची दुरुस्ती वर्षानुवर्षे तुंबली होती. या कार्यक्रमातील खरी नवलाई अशी होती की, जमा झालेल्या रकमेचा मोठा भाग सरकारी तिजोरीत न जाता जिथे गोळा झाला तिथेच खर्च करायचा होता. ज्यांनी कुठल्याही सरकारी कार्यालयाचा खर्च जवळून पाहिला असेल त्यांना या तरतुदीचे आकर्षण वेगळे सांगायला नको. आपल्या हातात राहणारा पैसा म्हटला की कार्यालयाची कल्पकता एकदम फुलते. माउंट लेमनवरचे शुल्क याच कार्यक्रमातून आले.

पश्चिमेकडील राज्यांत त्याविरुद्ध बरीच नाराजी होती. कराच्या पैशातून सांभाळलेली जमीन पाहण्यासाठी पुन्हा तिकीट का, असा सवाल त्यामागे होता आणि तो विचारणाऱ्यांत पर्यावरणवादी, शिकारी, गिर्यारोहक असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे गट एकत्र आले होते. अखेर ८ डिसेंबर २००४ रोजी फेडरल लँड्स रिक्रिएशन एन्हान्समेंट अॅक्ट हा कायदा झाला. ओहायोचे प्रतिनिधी राल्फ रेग्युला यांनी पुढे रेटलेला हा मजकूर एका अवाढव्य खर्च-विधेयकाला जोडून मंजूर करून घेण्यात आला. अशा वाटेने आलेल्या कायद्यावर टीका होणे साहजिक होते. पण गंमत अशी की, शुल्कविरोधकांनी ज्याला शिव्या घातल्या, त्याच कायद्याच्या शब्दांनी पुढे त्यांना न्यायालयात तारले.

कायद्याने काय दिले आणि काय नाकारले

२००४ च्या कायद्यानुसार प्रवेशशुल्क घेण्याचा अधिकार पार्क सर्व्हिस आणि फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस यांनाच आहे. फॉरेस्ट सर्व्हिसला प्रवेशशुल्क घेता येत नाही. तिला फक्त सुविधाशुल्क घेता येते, आणि तेही मोकळ्या हाताने नाही. ज्या क्षेत्रात बाहेर हिंडण्या-खेळण्याच्या चांगल्या संधी आहेत, जिथे सरकारने भरीव गुंतवणूक केली आहे, जिथे वसुली परवडते आणि जिथे सहा सुविधा आहेत, अशाच क्षेत्रात ते लागू करता येते. या सहा सुविधा म्हणजे बांधीव वाहनतळ, कायमस्वरूपी शौचालय, कायमस्वरूपी कचरापेटी, माहितीफलक, सहलीची टेबले आणि सुरक्षा व्यवस्था. सहाच्या सहा हव्यात. पाच असून चालत नाही.

याच्या जोडीला कायद्याने एक निषेधयादी दिली आहे आणि या प्रकरणाचा जीव तिच्यात आहे. केवळ गाडी उभी करण्यासाठी, रस्त्याच्या किंवा पायवाटेच्या कडेला बसून खाण्यासाठी, सुविधा न वापरता जमिनीतून चालत, गाडीने, होडीने किंवा घोड्यावरून जाण्यासाठी, सोयी नसलेल्या जागी मुक्काम करण्यासाठी आणि रस्त्याकडेच्या देखाव्याच्या थांब्यांवर थांबण्यासाठी शुल्क घेऊ नये, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. शुल्क न भरल्यास पहिल्या वेळचा दंड १०० डॉलरपेक्षा जास्त असू नये, हेही कायद्यातच आहे. मात्र तो गुन्हा ठरतो, नुसती थकबाकी नव्हे. अमेरिकेत केंद्रीय गुन्ह्याचे समन्स हातात पडणे ही काय चीज आहे, हे तिथे राहणाऱ्या, विशेषतः व्हिसावर राहणाऱ्या माणसाला विचारावे.

आता फॉरेस्ट सर्व्हिसची अडचण पाहा. माउंट लेमनच्या घाटात शौचालय एका वळणावर, सहलीची टेबले तीन वळणांनंतर, माहितीफलक आणखी वर, अशी परिस्थिती होती. गाडी जिथे उभी राहते अशा प्रत्येक जागी सहा सुविधा पुरवायच्या तर खर्च डोईजड झाला असता. यावर खात्याने जो तोडगा काढला तो कार्यालयीन बुद्धीचा नमुना म्हणून अभ्यासण्यासारखा आहे. कायद्यात क्षेत्र हा शब्द आहे, पण क्षेत्र केवढे असावे हे सांगितलेले नाही. तेव्हा खात्याने आपल्या अंतर्गत मार्गदर्शक सूचनांत हाय इम्पॅक्ट रिक्रिएशन एरिया, म्हणजे वर्दळीचे मनोरंजन क्षेत्र, अशी एक वर्गवारी तयार केली. कायद्यात ही वर्गवारी कुठेही नाही. माउंट लेमनवर संपूर्ण घाटरस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांचा पट्टा मिळून असे एक क्षेत्र आखले गेले. या लांबलचक पट्ट्यात मिळून सहाही सुविधा होत्याच. मग पट्ट्यात कुठेही गाडी उभी करणारा प्रत्येक जण त्या क्षेत्राचा वापरकर्ता ठरला आणि पाच डॉलर देणे लागला.

सिंहगडाच्या घाटात वाहनामागे वन विभागाचे उपद्रव शुल्क भरून वर जाणाऱ्या पुणेकराला ही रचना बरीचशी ओळखीची वाटेल. पण तिथे नाक्यावर माणूस उभा असतो आणि पावती फाडल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. अमेरिकी वनांतील रूढ पद्धत निराळी आहे. वाहनतळाच्या तोंडाशी जमिनीत रोवलेले एक जाड लोखंडी नळकांडे असते आणि त्याच्या बाजूच्या खणात लिफाफे ठेवलेले असतात. लिफाफ्यावर गाडीचा क्रमांक आणि तारीख लिहायची, नोटा आत घालून लिफाफा नळकांड्याच्या फटीतून आत सोडायचा आणि त्याची फाडून घेतलेली पट्टी बाहेरून दिसेल अशी डॅशबोर्डवर ठेवायची. सुटे पैसे परत मिळण्याची सोय नसते. रेंजर फेरीला आला आणि काचेतून पट्टी किंवा पास दिसला नाही, की वायपरखाली नोटीस येते. या पद्धतीत एक गोष्ट आपोआप घडते. गाडीचा मालक कुठे गेला, त्याने शौचालय वापरले की नाही, तो टेबलावर बसला की दगडावर, हे रेंजरला कळण्याचा काही मार्गच नसतो. त्याला फक्त उभी गाडी दिसते. म्हणजे कागदावर ते सुविधाशुल्क असले तरी प्रत्यक्षात वसुली होते ती गाडी उभी असण्याच्या वस्तुस्थितीवर, आणि नेमके तेवढ्याचसाठी पैसे घेऊ नका असे कायदा सांगतो.

न्यायालयातील वाटचाल

पहिली ठिणगी फौजदारी प्रकरणातून पडली. माउंट लेमनवर शुल्क न भरल्याबद्दल समन्स मिळालेल्या एका गिर्यारोहक महिलेने दंड भरण्याऐवजी लढायचे ठरवले आणि २००६ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी तिच्या बाजूने कौल दिला. सरकार वर गेले आणि २००७ मध्ये जिल्हा न्यायाधीशांनी तो कौल फिरवला. पुढे डोंगरावर नियमित जाणाऱ्या काही नागरिकांनी दिवाणी दावा लावून शुल्कालाच आव्हान दिले. जिल्हा न्यायालयाने तोही काढून टाकला आणि प्रकरण नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयापुढे आले. अॅरिझोनासह कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टन अशी पश्चिमेची नऊ राज्ये या न्यायालयाच्या कक्षेत येतात आणि राष्ट्रीय वनांचा मोठा हिस्सा याच राज्यांत आहे. त्यामुळे तिथला निकाल एका डोंगरापुरता राहणार नव्हता.

सरकारी बाजूचा युक्तिवाद ‘केवळ’ या एका शब्दाभोवती होता. कायदा केवळ गाडी उभी करण्यासाठी शुल्क घेण्यास मनाई करतो. पण डोंगरावर जाऊन केवळ गाडी उभी करणारा माणूस कोण? प्रत्येक जण गाडी लावून पुढे काही ना काही करतोच, कोणी चालतो, कोणी खातो, कोणी देखावा पाहतो. सबब हे शुल्क केवळ गाडी उभी करण्याचे नाही. वाचताना क्षणभर हे पटते, पण एवढाच क्षण. कारण हा अर्थ स्वीकारला तर तो निषेध ज्याला लागू होईल असा माणूस शिल्लकच राहत नाही. गाडी लावून चालायला जाणारा सुटत नाही, कारण तो चाललाही आहे; आणि चालणाऱ्यालाही निषेधाचा लाभ नाही, कारण त्याने गाडी लावली आहे. कायदेमंडळाने दोन वेगवेगळी संरक्षणे दिली असताना, दोन्ही एकदम घेणाऱ्याला एकही मिळू नये असा विचित्र परिणाम त्यातून निघतो.

९ फेब्रुवारी २०१२ रोजी अपील न्यायालयाने निकाल दिला. निकालपत्र रॉबर्ट गेटलमन यांनी लिहिले. ते मूळचे इलिनॉयमधील जिल्हा न्यायाधीश असून या पीठावर नेमणुकीने बसले होते. त्यांच्या विवेचनाचा गाभा असा, की शुल्क घेण्याचा अधिकार देणारे कलम निषेधयादीच्या अधीन आहे. म्हणून क्षेत्र कितीही नियमात बसणारे असले, त्यात सहाच्या सहा सुविधा असल्या, तरी निषेधयादीत बसणाऱ्या माणसाकडून पैसे घेता येणार नाहीत. त्यामुळे क्षेत्र केवढे आखावे हा प्रश्नच गौण ठरला. फॉरेस्ट सर्व्हिसने आपली सगळी हुशारी नकाशावरची रेघ ओढण्यात खर्च केली होती, आणि न्यायालयाने ती रेघ न पुसता तिला निरर्थक करून टाकले. कायद्याचे शब्द स्पष्ट असल्यामुळे खात्याने लावलेल्या अर्थाला मान देण्याचे कारण उरत नाही, असेही न्यायालयाने म्हटले.

या निकालपत्रातील एक उदाहरण पुढे बरेच गाजले. एक जण फरसबंद वाहनतळावर अलगद गाडी लावतो आणि सरकारी टेबलावर कॅव्हिअर व शॅम्पेनची मेजवानी झोडतो. दुसरा हायवेच्या कडेला गाडी लावतो आणि पाइनच्या बोंडावर बसून डब्यातले सार्डिन मासे खातो. खाते दोघांकडून सारखेच पैसे घेते, दोघांत फरक करत नाही, आणि कायद्याच्या सरळ शब्दांना हे धरून नाही, असे न्यायालय सांगते. पाइनच्या बोंडावर बसणे किती टोचेल याचा विचार न्यायाधीशांनी केला होता की नाही कोण जाणे. पण मुद्दा पोचवायला याहून नेमके चित्र सापडले नसते. शुल्क माणसाच्या उपस्थितीवर आहे की त्याने वापरलेल्या सोयीवर, हा भेद यात डोळ्यांसमोर उभा राहतो.

माउंट इव्हान्सचा उलटा कौल

या निकालाच्या सहाच महिने आधी, ऑगस्ट २०११ मध्ये, शेजारच्या दहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने कोलोरॅडोतील माउंट इव्हान्सच्या शुल्काबाबत वेगळा निकाल दिला होता. सुमारे ४,३०० मीटरवर पोचणारा तिथला मोटाररस्ता वापरणाऱ्यांकडून शुल्क घेतले जाई. शिखराचे नाव २०२३ मध्ये बदलून माउंट ब्लू स्काय करण्यात आले आहे. तो निकाल नील गोरसच यांनी लिहिला होता, जे २०१७ पासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आहेत. तिथे आव्हान देणारे हरले.

यावरून दोन न्यायालये एकमेकांविरुद्ध गेली असे सांगितले जाते, पण ते पूर्ण खरे नाही. माउंट इव्हान्सच्या अर्जदारांनी शुल्काचे धोरण मुळातूनच, सर्वांसाठी, अवैध ठरवावे अशी मागणी केली होती. अशा मागणीला उत्तर देताना न्यायालयाला एवढेच पाहावे लागते की हे धोरण वैधपणे लागू होईल अशी माणसे आहेत की नाहीत. ती होतीच, गाडी लावून टेबल आणि शौचालय वापरणाऱ्यांकडून पैसे घेणे कायद्यात बसते. म्हणून मागणी फेटाळली गेली आणि एखाद्या विशिष्ट व्यक्तीकडून विशिष्ट परिस्थितीत पैसे घेणे बेकायदा आहे अशी तक्रार घेऊन कोणी आले तर काय, हा प्रश्न खुला ठेवला गेला. माउंट लेमनच्या अर्जदारांनी नेमकी आपल्यासारख्यांची, म्हणजे सुविधा न वापरणाऱ्यांची, बाजू मांडली. माझ्या मते या दोन प्रकरणांची तुलना हा यातील सर्वांत शिकवणारा भाग आहे. तोच कायदा, जवळपास तेच शुल्क, तीच तक्रार, आणि फरक पडला तो न्यायालयाकडे काय मागितले यामुळे. आपल्याकडे जनहित याचिका लिहिताना सगळेच रद्द करा अशी मागणी करण्याचा मोह किती महागात पडू शकतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

निकालानंतर

माउंट लेमनच्या घाटात आज सरसकट शुल्क नाही. ज्या जागी टेबले, शौचालये वगैरे एकत्र आहेत अशा ठरावीक सहलीच्या जागांपुरते ते राहिले आणि बाकी घाटात गाडी लावून रानात जायला मोकळीक झाली. देशभर आखलेल्या वर्दळीच्या क्षेत्रांचा फेरआढावा फॉरेस्ट सर्व्हिसने निकालाच्या सुमारासच हाती घेतला होता. अनेक ठिकाणचे शुल्क काढण्याचा किंवा आक्रसण्याचा प्रस्ताव त्यातून आला. २०१४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील एंजेलिस, क्लीव्हलँड, लॉस पाद्रेस आणि सॅन बर्नार्डिनो या चार वनांतील अॅडव्हेंचर पास या नावाच्या शुल्काला याच धर्तीचे आव्हान मिळाले आणि तिथल्या केंद्रीय न्यायालयाने माउंट लेमनच्या निकालाचा आधार घेत सुविधा न वापरणाऱ्यांच्या बाजूने कौल दिला.

हा विजय निखळ होता असे मात्र मला वाटत नाही. सुविधा न वापरणाऱ्याला पैसे पडू नयेत हे तत्त्व योग्य. पण उभ्या गाडीकडे पाहून तिचा मालक काय करतो आहे हे सांगता येत नाही ही रेंजरची अडचण निकालाने दूर होत नाही. व्यवहारात त्यातून दोनच गोष्टी निघतात. एक तर बांधीव वाहनतळावर लावलेली गाडी म्हणजे सुविधा वापरली असे गृहीत धरायचे आणि चालणाऱ्याने थोडे दूर, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी लावावी अशी अपेक्षा करायची. किंवा शुल्कच सोडून द्यायचे. पहिल्या वाटेने गाड्या वाहनतळ सोडून घाटाच्या अरुंद खांद्यावर उभ्या राहतात. दुसऱ्या वाटेने शौचालय उपसण्याचा खर्च कोणी द्यायचा हा प्रश्न उरतो, कारण तो खर्च खरा आहे आणि डोंगरावर पाण्याचा थेंबही गाडीने न्यावा लागतो अशा जागी तो कमी नसतो. शुल्कविरोधकांच्या लिखाणात या मुद्द्याला क्वचितच सरळ उत्तर असते. संसदेने अनुदान द्यावे, हे त्यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. पण १९९६ मध्ये शुल्के आली तीच मुळी संसदेने ते दिले नाही म्हणून.

दुसरी बाजू अशी की, शुल्कातील किमान ८० टक्के रक्कम जागेवरच राहते या तरतुदीने स्थानिक कार्यालयांना चुकीची चटक लावली. सहा सुविधा असल्या की शुल्क घेता येते, म्हणून शुल्क घेण्यासाठी सहा सुविधा उभारायच्या, असा उलटा प्रवास सुरू झाला. ज्या रानवाटेच्या तोंडाशी दगडमातीशिवाय काही नको होते तिथे कचरापेटी आणि टेबल येऊन पडू लागले. सोय आधी आणि शुल्क नंतर हा कायद्याचा हेतू, आणि शुल्क हवे म्हणून सोय हा त्याचा व्यवहार. ज्या जागा उत्पन्न देऊ शकत नाहीत त्या या हिशेबात मागे पडतात, आणि रानाच्या दृष्टीने बऱ्याचदा त्याच जागा जपण्यासारख्या असतात.

वार्षिक पासने हा सगळा भेद लोकांच्या नजरेआड केला, हेही नोंदवायला हवे. २००७ पासून मिळणारा अमेरिका द ब्यूटिफुल हा पास ८० डॉलरचा असून तो उद्यानांच्या प्रवेशशुल्काला आणि वनांतील सुविधाशुल्काला सारखाच चालतो. तो जवळ बाळगणाऱ्याला आपण कुठे प्रवेशाचे पैसे दिले आणि कुठे सुविधेचे, हे विचारण्याची गरजच पडत नाही. पैसे न देता कुठे हिंडता आले असते हे तर त्याच्या मनातही येत नाही. सोयीचा पास घेऊन त्याने प्रश्न संपवलेला असतो. आता निवासावर आधारलेला भेदही त्यात शिरला आहे. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्यांसाठी याच पासची किंमत २५० डॉलर करण्यात आली असून, पास नसल्यास ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी यांसह ११ उद्यानांत अशा पाहुण्यांना माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना ही वाढ लगेच जाणवेल. ती उद्यानांतील आहे. राष्ट्रीय वनातील रस्त्याच्या कडेला गाडी लावून, सुविधा न वापरता चालणाऱ्याला शुल्कातून वगळणारा निषेध माणूस कुठे राहतो हे विचारत नाही, त्यामुळे परगावच्या पाहुण्याला तो पूर्वीइतकाच उपयोगी आहे.

निकालाला सर्वांत मोठे भगदाड मात्र दुसरीकडून पडले. राष्ट्रीय वनांतील तंबू ठोकण्याचे अनेक तळ आणि सहलीच्या जागा फॉरेस्ट सर्व्हिस स्वतः चालवत नाही. १९५० च्या ग्रेंजर-थाय कायद्याखाली परवाना देऊन ती खासगी कंत्राटदारांकडे सोपवते. ओरेगनमधील माउंट हूड राष्ट्रीय वनातील बॅग्बी हॉट स्प्रिंग्ज हे असेच एक ठिकाण. अशा ठिकाणी कंत्राटदार घेत असलेल्या पैशांना २००४ च्या कायद्यातील निषेध लागू व्हावेत, अशी मागणी घेऊन काही संघटना आणि व्यक्ती राजधानी वॉशिंग्टन डी.सी.च्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात गेल्या. मार्च २०१४ मध्ये न्यायालयाने ती नाकारली. शुल्क घेऊ नये हे बंधन कायद्याने सरकारी खात्यावर, म्हणजे त्याच्या मंत्र्यावर घातले आहे आणि कंत्राटदार हा मंत्री नव्हे, असे या निर्णयाचे सार आहे. शब्दशः पाहता ते चुकीचे म्हणता येत नाही. ज्या सरळ शब्दांवर माउंट लेमनचे लोक जिंकले, त्याच सरळ शब्दांवर इथे तक्रारदार हरले. परिणामी, जी वसुली फॉरेस्ट सर्व्हिसने स्वतः केली तर बेकायदा ठरेल, ती तिने परवाना दिलेल्या कंपनीने केली तर चालते. ही त्रुटी कायद्यात दुरुस्ती करूनच बुजवता येईल, आणि २००४ चा कायदा आपली मूळ दहा वर्षांची मुदत संपल्यापासून खर्च-विधेयकांच्या आधाराने वरचेवर मुदतवाढीवर चालत आला आहे.